पोत्यांवर उभा राहिलेला महाकाल

नंदुरबार तालुक्यातील रनाळे हा कापूस आणि मिरचीच्या शेतीचा परिसर. खानदेशातल्या अशा कोणत्याही मोठ्या गावात किराणा दुकानात किंवा कृषी सेवा केंद्रात डोकावले, तर गल्ल्याजवळ गणपती-लक्ष्मीच्या तसबिरीखाली एक ढेरपोट्या, खदखदून हसणारी मूर्ती बहुधा आढळते. तिला सर्रास ‘लाफिंग बुद्धा’ म्हणतात. ती स्वतः विकत घ्यायची नसते, कोणी भेट दिली तरच लाभते, पोटावरून हात फिरवला की धंद्याला बरकत येते, अशी ऐकीव माहितीही सोबत मिळते. १९९० नंतर फेंगशुईची जी लाट आली, तिच्याबरोबर ही मूर्ती शहरांत आणि तेथून खेड्यापाड्यांत पोहोचली. मूर्ती आली, पण तिची कथा मात्र वाटेतच गळून पडली.

ही मूर्ती गौतम बुद्धांची नव्हे. दहाव्या शतकाच्या आरंभी चीनमध्ये होऊन गेलेल्या बुदाई नावाच्या एका भटक्या भिक्षूची ती प्रतिमा आहे. खांद्यावर कापडी झोळी टाकून तो गावोगाव फिरे. त्याला भावी बुद्धाचा, म्हणजे मैत्रेयाचा अवतार मानले गेले. जपानमध्ये तो ‘होतेई’ झाला आणि तेथील सात भाग्यदेवतांच्या मंडळात जाऊन बसला. आरिता, कुतानी, सेतो येथील कुंभारांनी या सातही देवतांना चिनी मातीत घडविले. अमेरिकेच्या १८९० च्या जकात कायद्याने आयात वस्तूंवर मूळ देशाचे नाव बंधनकारक केले. त्यामुळे जुन्या निर्यात मूर्तींच्या तळाशी आधी ‘निप्पॉन’, १९२१ नंतर ‘जपान’ आणि महायुद्धातील पराभवानंतर १९५२ पर्यंत ‘मेड इन ऑक्युपाइड जपान’ असे शिक्के आढळतात. पारतंत्र्याचा शिक्का तळाशी वागवीत त्या देशाचे भाग्यदेव परदेशी बाजारात हसतमुखाने उभे होते!

परंतु भारतीय वाचकाने थबकावे असा तपशील पुढेच आहे. या सात देवतांपैकी तिघांचे मूळ घर भारत आहे. वीणेऐवजी ‘बिवा’ हे वाद्य धारण करणारी बेन्झाइतेन म्हणजे आपली सरस्वती. चिलखत घालून हाती भाला घेतलेला बिशामोन्तेन म्हणजे वैश्रवण, अर्थात कुबेर. भाताच्या पोत्यांवर उभा राहिलेला, एका हाती मोगरी आणि खांद्यावर पोतडी घेतलेला दाइकोकुतेन म्हणजे साक्षात महाकाल. काही परंपरांत या मंडळात किचिजोतेन हिचाही समावेश होतो. ती श्रीलक्ष्मी होय.

स्मशानवासी, उग्र महाकाल भाताच्या पोत्यांवर कसा आला? याचे उत्तर सातव्या शतकात भारतात आलेल्या इत्सिंग या चिनी यात्रेकरूने लिहून ठेवले आहे. भारतातील मोठ्या विहारांत पाकशाळेच्या खांबापाशी किंवा कोठाराच्या दारी हाती सुवर्णाची थैली असलेली एक लहान बैठी मूर्ती असे. रोज तेल चोळल्यामुळे तिचे मुख काळे पडलेले असे, म्हणून तिला महाकाल म्हणत. शेकडो भिक्षूंच्या अन्नाची काळजी वाहणारा हा देव पुढे जपानच्या मठांतील स्वयंपाकघरात गेला आणि तेथून शेतकऱ्याच्या आणि व्यापाऱ्याच्या घरी. त्याच्या पायाशी उंदीरही आला. गणपतीच्या चरणांशी उंदीर पाहणाऱ्या मराठी माणसाला तो परका वाटू नये.

या वंशावळीचे पुरावे पाहण्यासाठी खानदेशातील माणसाला जपानला जाण्याचे कारण नाही. चाळीसगावच्या दक्षिणेला, सातमाळा डोंगरात पितळखोरे लेणी आहेत. तेथे मिळालेली सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची यक्षमूर्ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. बुटका बांधा, सुटलेले पोट, डोक्यावर धरलेले पात्र आणि चेहऱ्यावर दिलखुलास हास्य! ती कण्हदास नावाच्या सोनाराने घडविली, असा लेख तिच्या हातावर कोरलेला आहे. होतेईच्या मूर्तीचा हिच्याशी थेट संबंध जोडण्याचे कारण नाही. तरीही समृद्धीला हसरा चेहरा आणि भरलेले पोट देण्याची कल्पना या मातीत किती जुनी आहे, हे त्यावरून कळते. अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात तर पांचिक यक्ष आणि हारीती यांचे स्वतंत्र गर्भगृहच आहे. पांचिक हा धनाधिपती वैश्रवणाचा सेनापती. हारीती मुलांचे रक्षण करणारी माता, आणि ती आजही जपानमध्ये ‘किशिमोजिन’ या नावाने पूजिली जाते.

असे संदर्भ हाती आले की ‘हे सारे आमचेच’ अशी आरोळी ठोकण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. देवता भारतातून गेल्या हे सत्य आहे. पण त्यांना अखंड सांभाळले ते जपानी समाजाने. त्याने महाकालाला आपल्या ओकुनिनुशी या देवाशी एकरूप केले, सरस्वतीला बेटांवर आणि तलावांकाठी मंदिरे बांधली, नववर्षाच्या प्रारंभी सातही देवतांच्या दर्शनयात्रेची प्रथा जपली. इ.स. ७५२ मध्ये नारा येथील महाबुद्धाचे नेत्रोन्मीलन बोधिसेन या भारतीय भिक्षूच्या हस्ते झाले, याचा तेथील इतिहासात आदराने उल्लेख होतो. आपल्याकडे किती पदवीधरांना बोधिसेनाचे नाव ठाऊक आहे? पूर्वजांच्या कर्तृत्वाचा अभिमान अभ्यासावाचून बाळगला, तर तो केवळ घोषणेपुरता उरतो.

याहून गंभीर प्रश्न भाग्याच्या कल्पनेचा आहे. विहारातील महाकाल अन्नछत्राचा रक्षक होता. जपानी दाइकोकु पोत्यांवर उभा आहे, कारण पोती श्रमाने भरतात. भिक्षू बुदाईच्या झोळीतले इतरांना वाटण्यासाठी होते. आपल्या धनत्रयोदशीलाही धन आणि धने एकाच ताटात असतात. सातपुड्यातील आदिवासी बांधवांची याहामोगी माता ही तर धान्याची देवता. महाशिवरात्रीला देवमोगऱ्याच्या यात्रेत भक्त तिच्यापुढे नव्या धान्याने भरलेल्या टोपल्या ठेवतात. या सर्व परंपरांत भाग्याचा अर्थ एकच आहे: कष्टाने पिकवावे, साठवावे आणि भुकेल्याला द्यावे. पोटावर हात फिरवून मिळणारी बरकत हा या अर्थाचा निव्वळ अपभ्रंश होय. अवर्षणाचा, पडत्या भावाचा आणि कर्जाचा भार वाहणाऱ्या शेतकऱ्याच्या गावात तर हा अपभ्रंश अधिकच बोचतो.

म्हणून गल्ल्यावरची ती मूर्ती फेकून देण्याची काही आवश्यकता नाही. अतिथीला घराबाहेर काढणे ही आपली रीत नव्हे. मात्र त्याचे नाव-गाव विचारणे ही निश्चितच आपली रीत आहे. रनाळ्यासारख्या गावांतील शाळांच्या सहली अजिंठ्याला जातात, तेव्हा मुलांना दुसऱ्या लेण्यातील पांचिकासमोर पाच मिनिटे थांबवावे. त्यांना पितळखोऱ्याच्या कण्हदासाचे आणि पाकशाळेतल्या महाकालाचे नाव सांगावे. ती मुले उद्या गल्ल्यावर बसतील, तेव्हा त्या हसऱ्या भिक्षूची झोळी कशासाठी होती, हे त्यांना ठाऊक असेल. आणि दारी आलेल्या गरजूसाठी आपलाही हात सैल सोडावा, असे त्यांना कदाचित वाटेल. भाग्यदेवतेची याहून यथोचित पूजा कोणती असू शकते?