आधी हिशेब कोरा, मग कमानी बांधा!

गावोगावी नगरपालिकांच्या नव्या इमारती उठत आहेत आणि प्रत्येक आराखड्याच्या माथ्यावर 'स्थानिक वारशातून प्रेरित' अशी अक्षरे झळकत आहेत. मग होते काय? काचेच्या खोक्याला फायबरची चैत्यकमान चिकटवतात, दारात सिमेंटचे हत्ती बसवतात, फीत कापतात. आणि जन्माचा दाखला काढायला आलेली बाई पोराला मांडीवर घेऊन जिन्याच्या पायरीवर ताटकळते. तिला ना बाक, ना पाणी. ही वारशाची उघड विटंबना आहे!

नाशिकच्या पांडवलेण्यांत जा. दहाव्या लेण्याच्या ओसरीत उभे राहा. क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याने सुमारे १९०० वर्षांपूर्वी तेथे काय कोरवले? गोवर्धनातल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यवसाय-संघांकडे, ३००० कार्षापण नाणी ठेवली; २००० दरमहा शेकडा एक व्याजाने, १००० शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दलाला हात लावायचा नाही. पहिल्या ठेवीच्या व्याजातून वर्षावासाला राहणाऱ्या २० भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण. करून पाहा गणित, पै न पै जुळते! आणि हे सारे निगमसभेत ऐकवले, फलकावर नोंदवले, असेही तोच लेख सांगतो. निगमसभा म्हणजे त्या काळची नगराची सभाच की! आज ठेकेदाराचे देयक पाहायचे तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज करून ३० दिवस वाट पाहावी लागते. आणि माहिती आपणहून उघड करा असे त्याच कायद्याचे चौथे कलम २००५ पासून बजावते आहे.

लेण्याबरोबर पाण्याच्या पोढ्याही, म्हणजे टाकीही, केल्याचे उषवदात आवर्जून कोरवतो. डोंगर फोडणाऱ्यांना आधी तहान सुचली. आपल्या वास्तुविशारदांना आधी दर्शनी भाग सुचतो. चार्ल्स कोरियांनी भोपाळचे विधानभवन रचताना सांचीचे स्मरण ठेवले, पण इमारत श्वास घेते ती आतल्या अंगणांमुळे.

म्हणून आमची मागणी रोखठोक आहे. पहिली रेघ ओसरीची ओढा. खोल, सावलीची, भिंतीला लागून दगडी बाक असलेली. छतावरचे पावसाचे पाणी टाक्यात उतरवा. आणि ओसरीच्या भिंतीवर, वाचता येईल अशा उंचीवर, त्याच इमारतीचा खर्च कोरा: दगड कितीचा, सिमेंट कितीचे, ठेका कोणाला, मुदत कोणती. एवढी छाती ज्या पालिकेची नसेल, तिने आपल्या आराखड्यावरून 'वारसा' हा शब्द आजच खोडावा.