व्हायवात एकदा कंट्रोल-सी दाबा ना!

प्रॅक्टिकलच्या परीक्षेत एक्स्टर्नल काय विचारतात? ‘रन करून दाखव.’ आऊटपुट आलं, जर्नलवर सही झाली, विषय संपला. चालू प्रोग्राम मध्येच थांबवला तर त्याचं काय होतं, हे कुणी विचारत नाही. माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे.

समजा, काशीगावातल्या एखाद्या स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यासाठी तुम्ही ‘सी’मध्ये स्टॉकचा छोटा प्रोग्राम लिहून दिलात. काळी स्क्रीन, मेनू, एंट्री. मालक चाळीस एंट्र्या करतो, फोन येतो, तो कंट्रोल-सी दाबून उठतो. फाइल उघडून बघावं तर शेवटच्या बऱ्याच एंट्र्या गायब! कारण एफप्रिंटएफने लिहिलेलं लगेच फाइलीत जात नाही, आधी बफरमध्ये साठतं. कंट्रोल-सी दाबलं की लिनक्स प्रोग्रामला सिगइंट हा २ नंबरचा सिग्नल पाठवतं. तुम्ही त्याची काहीच सोय केली नसेल, तर प्रोग्राम जागच्या जागी मरतो आणि बफरही त्याच्याबरोबर जातो. मालक म्हणणार, ‘पोराने काय बनवलंय!’ आणि त्याचं बरोबरच आहे.

पायथनवाल्यांची तऱ्हा उलटी. तिथे कंट्रोल-सी म्हणजे कीबोर्डइंटरप्ट हे एक्सेप्शन. आपण व्हाइल ट्रू लूपमध्ये नुसतं ‘एक्सेप्ट’ आणि खाली ‘पास’ लिहितो, की ते गिळलं जातं. मग बसा बटणं बडवत! हे होऊ नये म्हणून तर २००६च्या पायथन २.५मध्ये कीबोर्डइंटरप्टला ‘एक्सेप्शन’ क्लासच्या बाहेर काढलं. ‘एक्सेप्ट एक्सेप्शन’ एवढं लिहिलं तरी ते अडकत नाही. पण नोट्स झेरॉक्सच्या झेरॉक्स असतात, त्यात हे कुठून येणार?

मग करायचं काय? एसटीचा कंडक्टर एक घंटी मारतो तेव्हा ड्रायव्हर हायवेच्या मधल्या लेनमध्ये ब्रेक मारत नाही. ऐकलं हे लक्षात ठेवतो, गाडी डावीकडे घेतो, मग थांबतो. सिग्नल हँडलरनेही इतकंच करावं. एक फ्लॅग लावावा, बस. त्यात प्रिंटएफसुद्धा नको, ते तिथे सुरक्षित नाही. लूपने चालू एंट्री पुरी करावी, फ्लॅग बघावा, फाइल बंद करून बाहेर पडावं. आणि कुणी दुसऱ्यांदा कंट्रोल-सी दाबलं तर मुकाट्याने मरावं. ‘नक्की बाहेर पडायचंय का?’ असं तीनदा विचारणारे प्रोग्राम मला तरी उद्धट वाटतात.

‘काळी स्क्रीन आता कोण वापरतं’ म्हणणाऱ्यांसाठी : डॉकरचा कंटेनर थांबवताना आधी सिगटर्म जातो, साधारण १० सेकंद वाट बघितली जाते, आणि तरीही प्रोग्राम हलला नाही तर सिगकिल. तो कुणालाच अडवता येत नाही. म्हणजे नोकरीतही गाठ याच गोष्टीशी आहे, फक्त बटण दाबणारा माणूस नसतो.

म्हणून सरांना, मॅडमना एकच विनंती. पुढच्या व्हायवात तिसरी एंट्री टाकून झाली की स्वतः कंट्रोल-सी दाबा. प्रोग्राम पुन्हा सुरू करायला लावा आणि एंट्र्या मोजा. मार्क त्यावर द्या.