मेलेल्याच्या तोंडावर मास्क शोधणारे

फवारणी करताना शेतमजूर मेला की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो: मास्क लावला होता का? दुसरा प्रश्न कोणी विचारत नाही, कारण पहिल्याचं उत्तर ‘नाही’ आलं की सगळेच सुटतात. कृषी खातं सुटतं, कंपनी सुटते, बाटली विकणारा कृषी केंद्रवाला सुटतो, आणि ज्याच्या धुऱ्यावर तो माणूस कोसळला तो शेतमालकही सुटतो. मेलेल्याला आपली बाजू मांडता येत नाही, म्हणून सगळा दोष त्याच्याच सरणावर ठेवला जातो. मी कपाशीच्या पट्ट्यात वाढलेली बाई आहे आणि या प्रश्नाचा मला संताप येतो.

२०१७ चा पावसाळा आठवा. यवतमाळ जिल्ह्यात जुलै ते ऑक्टोबर या काळात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक माणसं मेली आणि शेकडो दवाखान्यात भरती झाली. शेजारच्या जिल्ह्यांतही मृत्यू झाले. वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या वॉर्डांत दृष्टी गेलेले, भ्रमिष्ट झालेले, झटके येणारे तरुण पडले होते. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती. हवेत दमटपणा, बोंडअळीची धास्ती, हातात जोराचा फवारा मारणारे बॅटरीचे पंप. डोक्याएवढ्या पिकात वर फवारलेलं विष खाली कोणावर पडणार, हे समजायला कृषी पदवी लागत नाही. तरी चर्चा कशाची झाली? शेतकऱ्यांच्या निष्काळजीपणाची. राज्य सरकारने पाच कीटकनाशकांवर ६० दिवसांची बंदी घातली ती नोव्हेंबरमध्ये, म्हणजे फवारणी आटोपून वेचणी सुरू झाल्यावर. आणि रक्तातल्या कोलिनेस्टरेजची तपासणी, जिच्यावरून ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकांची विषबाधा ओळखता येते, तिची सोय कापसाच्या या जिल्ह्यातल्या सरकारी रुग्णालयात नव्हती. मजुराच्या तोंडावर मास्क नव्हता हे मात्र सगळ्यांना लगेच कळलं.

आता त्या मास्कविषयीच बोलू. बाटलीसोबत किंवा एखाद्या शिबिरात जे ‘सुरक्षा किट’ म्हणून हातात ठेवलं जातं, ते एकदा उघडून पाहा. कागदासारखा पातळ मास्क, एका दिवसात फाटणारे पारदर्शक हातमोजे, फार तर एक टोपी. तो मास्क धूळ अडवेल, विषाची वाफ अडवणार नाही. त्यासाठी सेंद्रिय वाफा शोषणारं काडतूस बसवलेला मास्क लागतो. त्याहून मोठी गोष्ट अशी की फवारणीत विष नाकापेक्षा कातडीतून जास्त शिरतं. आणि सगळी कातडी सारखी नसते. त्वचाशास्त्रज्ञ हॉवर्ड मायबाख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ सालीच दाखवून दिलं की पॅराथिऑनसारखं कीटकनाशक हाताच्या पुढच्या भागापेक्षा अंडकोषाच्या कातडीतून दहापटीहून जास्त शोषलं जातं. कंबरभर ओल्या पऱ्हाटीतून चालणाऱ्याची पँट मांड्यांपर्यंत विषाने भिजते. पंपाचं झाकण नीट बसत नाही, वायसर झिजलेला असतो, पाठीवरून पातळ धार कंबरेखाली उतरते. त्या माणसाच्या तोंडाला मास्क बांधून कोणाचा जीव वाचणार आहे? नायलॉन किंवा सुती हातमोज्यांनी तर उलटच होतं. ते विष शोषून घेतात आणि दिवसभर बोटांना लावून ठेवतात. असे हातमोजे वाटून फोटो काढणाऱ्यांनी ते स्वतः घालून एक टाकी भरून दाखवावी.

मी साधनांच्या विरोधात नाही. जी साधनं खरंच वाचवतात, त्यांचंच नाव कोणी घेत नाही, ही माझी तक्रार आहे. सगळ्यात घातक वेळ फवारणीची नसून औषध कालवण्याची असते. बाटलीतला अर्क पाण्यात मिसळण्याआधी पूर्ण ताकदीचा असतो आणि त्याचे चार थेंब उघड्या हातावर पडले तर ते दिवसभराच्या फवाऱ्यावर भारी पडू शकतात. पैसे एकाच वस्तूपुरते असतील तर कोपरापर्यंत येणारे जाड नायट्राइलचे हातमोजे घ्या. दुसरी वस्तू घेता आली तर पंपाखाली पाठीवर बांधायला जाड प्लास्टिकचा कपडा घ्या. पँटचे पाय बुटाच्या आत खोचू नका, बाहेर ठेवा, नाहीतर ओघळ बुटात साठतो. डोळ्यांना चष्मा हवा. धुऱ्यावर साबण आणि पाण्याचा डबा हवा. नोझल चोकअप झालं तर ते तोंडाने फुंकू नका. जुना दात घासायचा ब्रश खिशात ठेवा. या गोष्टी कुठल्याही कृषी कर्मचाऱ्याला दहा मिनिटांत सांगता येतात. आमच्याकडे मात्र हंगाम सुरू होताना भिंतीवर एक पोस्टर लागतं, आणि त्यावरचा माणूस नखशिखांत पिवळ्या रेनकोटात असतो.

भर उन्हात, पाठीवर पंधरा-सोळा लिटरचं ओझं घेऊन, पाणी आणि वारा न शिरणारा तो रेनकोट घालून किती वेळ चालता येतं? घाम सुकत नाही, अंग तापतं, चक्कर येते. डॉक्टर काय आणि मजूर काय, दोघांनाही तो अर्ध्या तासात काढावासा वाटेल. हे जगाला माहीत नाही असं नाही. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या कीटकनाशकविषयक आंतरराष्ट्रीय आचारसंहितेत स्वच्छ म्हटलं आहे की जी कीटकनाशकं वापरायला त्रासदायक, महाग किंवा सहज न मिळणारी संरक्षक साधनं लागतात, ती टाळावीत, विशेषतः उष्ण प्रदेशातल्या लहान शेतकऱ्यांच्या आणि शेतमजुरांच्या बाबतीत. माझं म्हणणं एवढंच आहे. जे विष आमच्या हवेत सुरक्षितपणे हाताळताच येत नाही, ते विकायची परवानगी द्यायची आणि मग मजुराला ‘साधनं वापर’ म्हणून उपदेश करायचा, यात मजुराच्या जिवाची काळजी कुठेच नाही. यवतमाळच्या प्रकरणात नाव आलेलं डायफेन्थियुरॉन हे कीटकनाशक स्वित्झर्लंडने स्वतःच्या शेतात वापरायचं केव्हाच बंद केलं होतं आणि २०२१ पासून त्याची निर्यातही थांबवली. त्या देशाला आपल्या माणसाच्या तोंडावरच्या मास्कवर भरवसा वाटला नाही. आमच्या माणसाने मात्र तेवढ्यावरच विसंबून राहायचं.

आमचा कायदा कोरा आहे असंही नाही. १९७१ च्या कीटकनाशक नियमांतला ३९ वा नियम सांगतो की कीटकनाशक हाताळणाऱ्याला संरक्षक कपडे हवेत. अंगभर आवरण, मनगट आणि कोपर यांच्या मध्यापर्यंत येणारे द्रव न शिरणारे हातमोजे, धूळरोधक चष्मा, बूट, आणि हे सगळं धुता येण्याजोगं. ४० वा नियम श्वसनाच्या साधनांचा आहे. १९६८ च्या मूळ कायद्याचं २६ वं कलम विषबाधेच्या नोंदीचं आहे. पन्नासहून अधिक वर्षं ही पानं छापील आहेत. पऱ्हाटीतल्या मजुरापर्यंत ती कोणी नेली? कारखान्यात निरीक्षक जातो. शेतात कोण जातं? आणि शेतात मालक कोण, नोकर कोण, हे कागदावर नसल्यामुळे नियमाची जबाबदारी कोणाच्याच गळ्यात पडत नाही.

इथे मी आपल्याच माणसांशी बोलते आहे. आमच्या भागात फवारणी करणारे पुष्कळदा शेतमालक नसतात, भूमिहीन मजूर असतात. त्यांना रोजी मिळत नाही, पंपामागे पैसे मिळतात. जितके पंप, तितके पैसे. अशा हिशेबात थांबून हात धुणं म्हणजे नुकसान, वाऱ्याची दिशा बदलली म्हणून तास पाऊण तास बसून राहणं म्हणजे नुकसान, हातमोजे घालून झाकण उघडणं म्हणजे वेळ. हा हिशेब त्या मजुराने ठरवलेला नाही, तो तुम्ही-आम्ही ठरवला आहे. कृषी केंद्रवाल्याच्या सांगण्यावरून तीन-तीन बाटल्या एकाच टाकीत ओतायला त्याला आपण लावतो, आणि दोनशे-चारशे रुपयांचे हातमोजे विकत घेताना हात आखडतो. बियाण्याच्या पाकिटावर, खताच्या पोत्यावर खर्च करणारा शेतकरी मजुराच्या हातमोज्यांवर का करत नाही, याचं उत्तर गरिबी नाही. अडलेला मजूर दुसरा मिळेल, हे ते उत्तर आहे.

आणि बाया? फवारणीच्या दिवशी विहिरीवरून पाणी आणून ड्रम भरणारी, काडीने औषध ढवळणारी बाई कुठल्या नोंदीत आहे? तिला कोणी ‘फवारणी करणारी’ म्हणत नाही, म्हणून किट तिच्यासाठी येतच नाही. आलंच तर बूट आणि हातमोजे पुरुषाच्या मापाचे. संध्याकाळी नवऱ्याचे विषाने भिजलेले कपडे तीच धुते, उघड्या हातांनी, घरातल्या लेकरांच्या कपड्यांसोबत, एकाच बादलीत.

बंगळुरूच्या इनस्टेम या सरकारी संशोधन संस्थेने अंगावर उडालेलं कीटकनाशक कातडीपर्यंत पोहोचण्याआधी निष्प्रभ करणारं कापड तयार केलं आहे. डिसेंबर २०२४ मध्ये ‘किसान कवच’ या नावाने तो पोशाख दिल्लीत समोर आला. तो धुता येतो, वर्षभर वापरता येतो, आणि त्या वेळी त्याची किंमत चार हजार रुपये सांगितली गेली. शास्त्रज्ञांनी चांगलं काम केलं आहे आणि मी ते मनापासून मानते. पण पंपामागे पैसे घेणारा मजूर चार हजारांचा पोशाख विकत घेणार नाही, आणि महाडीबीटी पोर्टलवर फवारणी पंपाला अनुदान देणाऱ्या सरकारला त्या पंपासोबत हा पोशाख देणं अवघड नाही. पंप द्यायचा आणि पंप पाठीवर घेणाऱ्याला उघडं सोडायचं, हे कुठलं अनुदान?

मेल्यानंतरचा हिशेबही पाहा. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा योजनेत फवारणीची विषबाधा बसते, दोन लाख रुपये मिळतात. पण ती सात-बाऱ्यावर नाव असलेल्या शेतकऱ्यासाठी आणि त्याच्या घरच्या एका माणसासाठी. ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, जो दुसऱ्याच्या वावरात दुसऱ्याचं पीक वाचवताना मेला, तो त्या योजनेच्या बाहेर.

म्हणून माझी मागणी मजुराकडे नाही. लाल आणि पिवळ्या त्रिकोणाची, म्हणजे सगळ्यात विषारी गटांतली, बाटली विकताना तिच्यासोबत नायट्राइलचे हातमोजे आणि पाठीचं आवरण देणं कंपनीला सक्तीचं करा, आणि त्याची किंमत बाटलीत धरा. कपाशीच्या प्रत्येक जिल्ह्यातल्या सरकारी रुग्णालयात कोलिनेस्टरेजची तपासणी आणि ॲट्रोपिन या उताऱ्याचा पुरेसा साठा जूनअखेर तयार ठेवा. पंपामागे पैसे देणं बंद करून फवारणीला दिवसाची रोजी द्या. भूमिहीन मजुराला अपघात योजनेत घ्या. आणि पुढच्या हंगामात कोणी मेला तर पंचनाम्यात मृताच्या तोंडावर मास्क होता की नव्हता हे लिहिण्याआधी ते विष कोणी विकलं, कोणत्या सल्ल्याने मिसळलं, मजुराला कामावर कोणी लावलं आणि त्याच्या हातात हातमोजे कोणी दिले नाहीत, ही चार नावं लिहा.