टाळ्यांची किंमत कोण देतो?

चित्रपटासारख्या करमणुकीच्या विषयावर शाळेच्या वार्षिकांत लिहिण्याचें प्रयोजन काय, असें कांहीं पालक विचारतील. आमचें उत्तर असें कीं, जी गोष्ट वरच्या वर्गांतील मुलें घरीं बसून पाहतात आणि मधल्या सुटींत तिच्यावर हिरिरीनें वाद घालतात, तिच्याविषयीं शिक्षकांनीं मौन धरणें बरें नव्हे. क्रिस्तोफर नोलन यांनीं २००६ सालीं दिग्दर्शित केलेला 'द प्रेस्टीज' हा इंग्रजी चित्रपट अशांपैकीं एक आहे. क्रिस्तोफर प्रीस्ट यांच्या १९९५ सालच्या कादंबरीवर तो आधारलेला असून, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडन शहरांत दोन जादूगारांमध्यें जुंपलेलें वैर हा त्याचा विषय होय.

प्रथम एक गैरसमज दूर करूं. जादू म्हटली कीं आपल्या मंडळींतील कांहीं वडीलधाऱ्यांच्या कपाळास आंठी पडते. परंतु रंगमंचावरील जादू म्हणजे भूतविद्या नव्हे. हातचलाखी, यंत्ररचना आणि वर्षानुवर्षांचा सराव यांवर ती उभी असते. आपण फसणार हें जाणूनच प्रेक्षक तिकीट काढतो, आणि फसल्याच्या आनंदानें टाळ्या वाजवितो. जेथें उभयतांस करार ठाऊक आहे तेथें लबाडी कसली? म्हणून त्या कलेस आम्ही दोष देत नाहीं.

आतां कथा पाहूं. अँजियर व बॉर्डन हे दोघे तरुण एकाच जादूगाराच्या हाताखालीं उमेदवारी करीत असतात. खेळांत अँजियरच्या पत्नीस हात बांधून पाण्यानें भरलेल्या काचेच्या टांकींत सोडतात. एके रात्रीं गांठ सुटत नाहीं आणि ती बुडून मरते. गांठ बॉर्डननें बांधलेली असते, पण ती कोणती होती हें त्याला सांगतां येत नाहीं. तेथून वैर पेटतें. अँजियर वेष पालटून येतो व गोळी झेलण्याच्या खेळांत खरी गोळी झाडून बॉर्डनचीं दोन बोटें उडवितो; बॉर्डन त्याच्या खेळाचा भर सभेंत विचका करतो.

पुढें बॉर्डन एका दारांतून आंत जाऊन क्षणांत दुसऱ्या दारांतून बाहेर येण्याचा अद्भुत खेळ दाखवितो. त्याचें रहस्य एवढेंच कीं, बॉर्डन हे दोन जुळे भाऊ असून एकाच नांवानें, एकच संसार आळीपाळीनें करीत असतात. एकाचीं बोटें तुटलीं म्हणून दुसराही आपलीं बोटें तोडून घेतो! हें रहस्य न कळल्यानें अँजियर अमेरिकेंत कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथें निकोला टेस्ला यांच्याकडे जातो. त्या शास्त्रज्ञाची प्रयोगशाळा १८९९ सालीं तेथें खरोखरच होती; मात्र चित्रपटांतील मनुष्याची दुसरी प्रत निर्माण करणारें यंत्र ही कादंबरीकाराची कल्पना होय. त्या यंत्राच्या जोरावर अँजियर रोज टाळ्या मिळवितो, आणि रोज रंगमंचाखालीं एक मनुष्य बुडून मरतो.

हा चित्रपट पाहून कित्येक तरुण म्हणतात कीं, असा ध्यास व असा त्याग असल्यावांचून मोठेपण मिळत नाहीं. या मताशीं आमचा विरोध आहे. त्याग हा शब्द ख्रिस्ती मनुष्यास परका नाहीं. तो आम्ही वधस्तंभापाशीं शिकलों. परंतु जो स्वतःस अर्पण करतो त्याचाच तो त्याग. जेथें दुसऱ्याला अर्पण केलें जातें त्याला बळी म्हणतात. बॉर्डनच्या पत्नीला आपला नवरा एके दिवशीं प्रेमळ व दुसऱ्या दिवशीं परका कां वाटतो हें कधींच कळत नाहीं, आणि अखेर ती आत्मघात करते. तिनें कोणत्या टाळ्या मिळविल्या? अँजियर स्वतःचा जीवही पणास लावतो हें खरें. पण तोच निरपराध्याला फांसावर जाऊं देतो व त्याच्या लहान मुलीस आपल्या ताब्यांत घेतो.

या कथेंतील सर्वांत शहाणा प्रेक्षक म्हणजे एक लहान मुलगा आहे. जादूगार पिंजऱ्यासह पक्षी नाहींसा करतो व लगेच जिवंत पक्षी हातावर दाखवितो. सारे टाळ्या वाजवितात. तो मुलगा मात्र रडतो, कारण पहिला पक्षी चिरडून मेला हें त्यानें ओळखलेलें असतें.

अशीं वैरें केवळ कल्पनेंतच घडतात असें नव्हे. चिंग लिंग फू या चिनी जादूगारानें १८९८ च्या सुमारास अमेरिकेंत खेळ केले. पुढें १९०० सालीं विल्यम रॉबिन्सन या अमेरिकन जादूगारानें चिनी वेष घेऊन 'चुंग लिंग सू' असें त्याच्याशीं जुळणारें नांव धारण केलें, आणि १९०५ सालीं दोघांचें वैर लंडनांत उघड्यावर आलें. रॉबिन्सननें तें सोंग अखेरपर्यंत चालविलें. १९१८ सालच्या मार्च महिन्यांत गोळी झेलण्याच्या खेळांत बंदुकीची योजना फसून खरी गोळी त्याला लागली व दुसऱ्या दिवशीं तो मरण पावला. चित्रपटांत बॉर्डन ज्या जादूगाराकडे बोट दाखवून त्याच्या निष्ठेचें कौतुक करतो, तो हाच.

विद्यार्थीमित्रांनो, चढाओढ मुळांत वाईट नाहीं. दुसऱ्याचें अक्षर सुंदर पाहून आपलें सुधारावेंसें वाटणें ही सद्बुद्धि होय. परंतु त्याची वही लपवावी असें वाटूं लागलें, कीं आपली दृष्टि अभ्यासावरून उडून त्याच्यावर खिळली असें समजा. अँजियरचें नेमकें हेंच झालें. बॉर्डनचें रहस्य शोधण्यांत त्यानें जितकीं वर्षें घालविलीं, तितकीं स्वतःची नवी विद्या घडविण्यांत घालविलीं असतीं तर काय झालें असतें?

आणि पालकांस आमची नम्र विनंति. आपल्या मुलाचा पहिला क्रमांक यावा ही इच्छा रास्त आहे. पण ती पुरी करतांना घरांत पैसे कोणासाठीं उरत नाहींत, हेंही पाहावें. भावाच्या शिकवणीसाठीं धाकट्या बहिणीची शाळा सुटत असेल, तर बक्षीससमारंभांतील टाळ्यांची किंमत त्या मुलीनें दिली आहे, आणि तिला कोणी विचारलेंही नाहीं. पुढील जून महिन्यांत शुल्क भरावयास याल तेव्हां दोन्ही मुलांचें नांव घेऊन या.