ग्लुकोसामाइनला मेंदूचे कवच म्हणण्याआधी

ग्लुकोसामाइन ही गोळी आपल्याकडे गुडघेदुखीची म्हणून ओळखली जाते. कोळंबी आणि खेकडे यांच्या कवचांपासून बहुधा ती तयार होते, आणि पन्नाशी-साठी ओलांडलेल्या घरांत रोजच्या गोळ्यांच्या डब्यात ती सहज सापडते. अलीकडे तिच्या नावावर आणखी एक गुण जमा होऊ लागला आहे: अंगावरून वारे गेले, म्हणजे पक्षाघात झाला, तर ती मेंदू वाचवते. या दाव्याला माझा विरोध आहे. त्यामागचे संशोधन खोटे किंवा क्षुल्लक आहे असे मात्र मी म्हणत नाही. ते प्रामाणिक आहे आणि पुढे नेण्याजोगेही आहे. पण उंदरावर दिसलेला गुण आणि माणसाला दिलेले वचन यांच्यामध्ये नियंत्रित चाचणी नावाची एक पायरी असते, आणि ग्लुकोसामाइनने ती अजून चढलेली नाही.

आधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी मांडतो. 2010 साली दक्षिण कोरियातील संशोधकांनी ‘ग्लिया’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. उंदराच्या मेंदूतील एक प्रमुख धमनी काही काळ बंद करून पुन्हा मोकळी केली आणि त्याला ग्लुकोसामाइन टोचले, तेव्हा मेंदूचा मृत झालेला भाग लक्षणीयरीत्या लहान राहिला. अशा प्रयोगांत मेंदूच्या पातळ चकत्या एका रंगद्रव्यात बुडवतात. जिवंत भाग लाल होतो, मेलेला पांढरा राहतो, त्यामुळे फरक नुसत्या डोळ्यांनाही कळतो. त्याचे कारणही पटण्याजोगे आहे. रक्तपुरवठा तुटल्यावर मेंदूतील मायक्रोग्लिया या रक्षक पेशी खवळतात आणि त्यांनी पेटवलेला दाह शेजारच्या वाचू शकणाऱ्या पेशींनाही मारतो. ग्लुकोसामाइन हा दाह शमवते. त्यात भर पडली 2019 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधील अभ्यासाची. ब्रिटनच्या ‘यूके बायोबँक’मधील 4 लाख 66 हजार लोकांच्या नोंदी तपासल्यावर नियमित ग्लुकोसामाइन घेणाऱ्यांत हृदय-रक्तवाहिन्यांच्या आजारांचे प्रमाण 15 टक्के आणि पक्षाघाताचे 9 टक्के कमी आढळले. प्रयोगशाळा आणि लोकसंख्या दोन्हीकडून एकच इशारा मिळतो, मग अडले कुठे, असा प्रश्न कोणीही विचारील.

पहिली अडचण उंदराच्या प्रयोगातच आहे. तिथे औषध टोचलेले असते, मोठ्या मात्रेत आणि नेमक्या वेळी. माणूस घेतो ती दिवसाला सुमारे 1500 मिलिग्रॅमची तोंडाने घ्यायची गोळी. तिच्यातला मोठा भाग यकृतातच खर्ची पडतो आणि रक्तात पोहोचते ती मात्रा अगदी थोडी. अशा प्रयोगांतले उंदीर बहुधा तरुण आणि निरोगी असतात, तर पक्षाघाताचा रुग्ण बहुधा वयस्क, रक्तदाब आणि मधुमेह सांभाळत आलेला असतो. या शंकेला इतिहासाचा आधार आहे. 2006 साली ‘ॲनल्स ऑफ न्यूरॉलॉजी’मध्ये पक्षाघातावरच्या प्रायोगिक उपचारांची मोजदाद झाली. असे 1,026 उपचार सापडले आणि त्यांपैकी 114 माणसांवर तपासले गेले होते. प्रयोगशाळेत मेंदू वाचवणारी औषधे डझनावारी होती, रुग्णाच्या खाटेपाशी ती एकामागून एक निष्प्रभ ठरली. एनएक्सवाय-059 या औषधाचे उदाहरण सगळ्यांत बोलके आहे. प्राण्यांवरचे निष्कर्ष उत्तम होते, 2006 ची पहिली मोठी मानवी चाचणीही अनुकूल आली. त्याहून मोठी दुसरी चाचणी 2007 मध्ये प्रसिद्ध झाली आणि तो गुण नाहीसा झाला. पुढे प्राण्यांवरचे जुने प्रयोग पुन्हा तपासले, तेव्हा दिसले की जिथे चिठ्ठ्या टाकून गट पाडणे आणि निकाल मोजणाऱ्यापासून गट लपवणे ही पथ्ये पाळली नव्हती, तिथेच औषधाचा गुण फुगलेला दिसत होता. एनएक्सवाय-059 ची तयारी ग्लुकोसामाइनपेक्षा कितीतरी अधिक होती. तेही जिथे टिकले नाही, तिथे तुटपुंज्या प्राणिप्रयोगांवर माणसांना भरवसा देणे गैर आहे.

दुसरी अडचण बायोबँकच्या आकड्यांची. त्या 9 टक्क्यांची सांख्यिकीय मर्यादा 17 टक्के घट ते शून्य फरक अशी पसरलेली आहे. म्हणजे पक्षाघातापुरता हा पुरावा काठावरचा आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ग्लुकोसामाइन घेणारे लोक मुळातच वेगळे होते. ते व्यायाम अधिक करत, धूम्रपान कमी करत, आहार सांभाळत. संशोधकांनी गणिताने हे फरक वजा केले, पण प्रश्नावलीत न विचारलेली सवय कोणत्याही गणिताला वजा करता येत नाही. शिवाय किती मात्रा आणि किती वर्षे, हे विचारलेच नव्हते. हा आक्षेप पुस्तकी नाही. रजोनिवृत्तीनंतर संप्रेरके घेणाऱ्या स्त्रियांना हृदयविकार कमी होतो, असे निरीक्षणात्मक अभ्यास वर्षानुवर्षे सांगत होते. 2002 मध्ये अमेरिकेच्या ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ची 16,608 स्त्रियांवरची नियंत्रित चाचणी प्रसिद्ध झाली. हृदयाचे संरक्षण दिसले नाहीच, उलट संप्रेरके घेणाऱ्या गटात पक्षाघाताचे प्रमाण 41 टक्क्यांनी अधिक निघाले. एवढा मोठा धडा मिळाल्यावर निरीक्षणातल्या 9 टक्क्यांना सिद्ध औषधाचा दर्जा देता येणार नाही.

यावर नेहमीचे उत्तर असे, की गोळी निरुपद्रवी आहे, घेतली तर बिघडले कुठे? बहुतेकांचे बिघडत नाही, हे खरे. पण हृदयाचे ठोके अनियमित पडणाऱ्या अनेकांना पक्षाघात टाळण्यासाठीच वॉरफेरिन दिलेले असते, आणि त्यासोबत ग्लुकोसामाइन घेतल्यावर रक्त गोठण्यास अधिक वेळ लागू लागल्याच्या, म्हणजे आयएनआर वाढल्याच्या नोंदी आहेत. अशा रुग्णाला मेंदूतल्या रक्तस्रावाचा धोका वाढतो. जी गोळी मेंदूच्या रक्षणासाठी म्हणून सुरू केली, तीच त्याच्यावर उलटू शकते. त्याहून व्यापक नुकसान खोट्या निश्चिंतीचे आहे. ‘मेंदूसाठी घेतो आहे काहीतरी’ या समाधानात रक्तदाबाची गोळी चुकली, तर तो तोटा खरा असतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ग्लुकोसामाइन स्वस्त आहे आणि त्यावर एकाधिकार नाही. त्याच्या मोठ्या चाचणीवर कोणती कंपनी पैसा खर्च करणार? मग चाचणीचा आग्रह म्हणजे स्वस्त औषधाला कायमचे दाराबाहेर ठेवणे नव्हे काय? याचे उत्तर मॅग्नेशियमने देऊन ठेवले आहे. तेही स्वस्त होते, त्यावरही एकाधिकार नव्हता आणि प्राण्यांत त्यानेही आशा दाखवली होती. अमेरिकेत सरकारी निधीतून त्याची चाचणी झाली. दक्षिण कॅलिफोर्नियात रुग्णवाहिकेतील सेवकांनी वाटेतच शिरेतून मॅग्नेशियम किंवा निष्क्रिय द्रव सुरू केला. असे 1,700 रुग्ण झाले आणि त्यांतल्या सुमारे तीन-चतुर्थांश जणांना लक्षणे दिसल्यापासून तासाभरात औषध मिळाले. 2015 मध्ये निकाल आला: उपयोग नाही. स्वस्त औषधाला न्याय द्यायचा तो असा, सार्वजनिक पैशाने आणि कठोर कसोटीने. कसोटीतून सूट देणे हा न्याय नव्हे, आणि तिचा भुर्दंड रुग्णाला बसतो.

आता उलट टोकाचाही विचार केला पाहिजे. इतकी औषधे पडली, तेव्हा मेंदूरक्षणाचा नादच सोडावा असे काहीजण म्हणतात. तेही मला मान्य नाही. उंदराच्या प्रयोगात धमनीत धागा सरकवून ती बंद करतात आणि ठरावीक वेळाने धागा काढून रक्त पुन्हा वाहू देतात. पूर्वी रुग्णाच्या बाबतीत असे क्वचितच घडे. 2015 नंतर, नळीने गुठळी ओढून काढण्याचा उपचार सिद्ध झाल्यापासून, मोठी धमनी बंद पडलेल्या रुग्णातही रक्तप्रवाह ठरावीक क्षणी परत आणता येतो. म्हणजे प्रयोगातली आणि रुग्णालयातली स्थिती आज पूर्वीपेक्षा जवळ आली आहे. प्रयोगाची पद्धतही सुधारते आहे. अमेरिकेत ‘स्पॅन’ या उपक्रमाने सहा उपचार एकाच वेळी अनेक प्रयोगशाळांत तपासले. त्यांत वृद्ध, लठ्ठ आणि रक्तदाब असलेले प्राणी घेतले, नर-मादी दोन्ही घेतले, गट चिठ्ठीने पाडले आणि मोजणाऱ्यांपासून लपवले. या चाळणीतून सर्वांत पुढे आले ते यूरिक आम्ल. ग्लुकोसामाइनलाही याच चाळणीतून जाऊ द्यावे. मात्रा किती, शिरेतून की तोंडाने, गुठळी काढण्याआधी की नंतर, हे तिथे ठरावे, आणि टिकले तर ते चिठ्ठीने पाडलेल्या गटांतल्या रुग्णांपर्यंत जावे. ते तिथे यशस्वी झाले तर त्याचे स्वागत करणाऱ्यांत मी पुढे असेन.

तोवर मेंदूचे रक्षण करणारे उपाय आपल्या हाताशी आहेत आणि ते सिद्ध आहेत. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या ‘प्रोग्रेस’ चाचणीत, पूर्वी पक्षाघात किंवा त्याचा सौम्य झटका येऊन गेलेल्या 6,105 रुग्णांत रक्तदाब उतरवणाऱ्या औषधांनी नव्या पक्षाघातांचे प्रमाण 28 टक्क्यांनी घटवले. हे चिठ्ठीने पाडलेल्या गटांतून निघालेले फळ आहे, सवयींच्या सरमिसळीतून नव्हे. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन योग्य रुग्णाला साडेचार तासांच्या आत देता येते, पण आधी सीटी स्कॅन करून रक्तस्राव नाही याची खात्री करावी लागते. ती खात्री घरी होत नाही, आणि कोणत्याही गोळीने तो वेळ वाढत नाही. म्हणून वाचकांना माझे सांगणे एवढेच आहे: गुडघ्यासाठी ग्लुकोसामाइन घ्यायचे की नाही, हे डॉक्टरांशी बोलून ठरवा, वॉरफेरिन चालू असेल तर ते आधी सांगा. मेंदूसाठी मात्र रक्तदाब मोजा, त्याची गोळी चुकवू नका, तंबाखू सोडा. आणि कोणाचे तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला किंवा बोलणे अडखळले, तर घड्याळात वेळ पाहून ठेवा आणि ताबडतोब 108 ला फोन करा.