बांधावरचे तणनाशक आणि नवे फुफ्फुस

भाटघर धरणाच्या परिसरात पावसाळ्यात भातखाचरांच्या बांधांवर गवत माजते. मजूर मिळत नाहीत, म्हणून ते विळ्याने न कापता तणनाशकाने जाळावे असे अनेकांना वाटते. अशा तणनाशकांपैकी पॅराक्वाटविषयी शेतकरी बंधूंनी व ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी: हे द्रव्य पोटात गेल्यास त्यावर उतारा नाही.

“आता फुफ्फुसेसुद्धा बदलता येतात,” असे कोणी म्हणेल. ह्या भरवशावर राहणे घातक आहे. पॅराक्वाट रक्तावाटे फुफ्फुसांत साठते, ती राठ होत जातात आणि श्वास कोंडतो. १९६८ साली स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे अशा विषबाधेने अत्यवस्थ झालेल्या १५ वर्षांच्या मुलास दुसऱ्याचे फुफ्फुस बसविण्यात आले. सुमारे दोन आठवड्यांनी तो दगावला. नव्या फुफ्फुसातही त्याच विषाची लक्षणे आढळली. पुढे अशा शस्त्रक्रियेने मोजके रोगी वाचले, हे खरे. परंतु शरीरातील विष निघून जाईपर्यंत रोगी जगला पाहिजे आणि दात्याचे फुफ्फुसही वेळेवर मिळाले पाहिजे. इतका अवधी फार थोड्यांना लाभतो.

म्हणून खरा उपाय इस्पितळात नव्हे, आपल्या घरात आहे. हे औषध पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीही ओतू नये. मूळ डबा कुलुपात ठेवावा व किल्ली जबाबदार माणसाकडे असावी. मुलाची चूक असो वा मोठ्याचा क्षणिक संताप, कुलूप दोहोंनाही आवर घालते. गळका पंप वापरू नये. अंगावर औषध सांडल्यास कपडे काढून साबणाने त्वरित धुवावे.

पोटात गेल्यास तोंड व घसा भाजतो; परंतु रोगी आरंभी नीट बोलतो, म्हणून घरची माणसे निर्धास्त राहतात. धाप लागण्याची वाट पाहू नये. डब्यावरील चिठ्ठीसह रोग्यास तत्काळ इस्पितळात न्यावे.

युरोपीय संघात २००७ पासून व केरळात २०११ पासून ह्या औषधास मनाई आहे. आपल्याकडे बांधावरचे गवत हा जनावरांचा चारा आहे. ज्याच्या दावणीला बैल वा म्हैस आहे, त्याने तो चारा विष घालून जाळावा, हे आम्हांस शहाणपणाचे वाटत नाही. विळ्याला चार दिवस अधिक लागतील. पण विळ्याने झालेली जखम भरून येते. कार्यकर्त्यांनी ही गोष्ट घरोघरी, विशेषतः गृहिणींना, समजावून सांगावी.