आधाराचा आग्रह आणि त्याची मर्यादा

कालिदासाच्या काव्यांवर टीका लिहिताना, निराधार असे काहीही लिहिणार नाही, अशी प्रतिज्ञा मल्लिनाथाने केली होती. २००१ साली इंटरनेटवर सुरू झालेल्या ‘विकिपीडिया’ या विश्वकोशाने नेमके हेच बंधन आपल्या असंख्य लेखकांवर घातले आहे. मात्र मल्लिनाथामागे त्याची विद्वत्ता उभी होती. येथे लिहिणारा कोण, हे वाचकास बहुधा ठाऊक नसते. साहजिकच लेखकाच्या अधिकाराची जागा प्रसिद्ध झालेल्या आधाराने घेतली.

हा आग्रह अनाठायी नाही. २००५ साली अमेरिकन पत्रकार जॉन सायगेन्थालर यांच्या चरित्रात, केनेडी बंधूंच्या हत्यांशी त्यांचा संबंध असल्याचा संशय घेतला गेला होता, असा धादांत खोटा मजकूर कोणी घुसडला आणि तो सुमारे चार महिने तसाच राहिला. आधार न मागण्याची किंमत एका निरपराध माणसाच्या अब्रूने चुकवली.

तथापि आधार म्हणजे सत्य नव्हे. कादंबरीकार फिलिप रॉथ यांनी ‘द ह्यूमन स्टेन’ या आपल्याच कादंबरीच्या उगमाविषयीच्या मजकुरास हरकत घेतली, तेव्हा त्यांच्याकडे अन्य प्रसिद्ध आधार मागण्यात आला. अखेर २०१२ साली त्यांनी ‘न्यूयॉर्कर’मधून अनावृत पत्र लिहिले, त्या पत्राचाच मग कोशाला आधार झाला! ही घटना हास्यास्पद वाटली, तरी तिच्यात एक तर्क आहे. वादग्रस्त मत काही समीक्षकांनी खरोखरच मांडले होते. कोण काय म्हणाले याची नोंद ठेवणे, हेच कोशाचे काम. न्यायनिवाडा करणे नव्हे.

खरा दोष अन्यत्र आहे. कॅनडाच्या भौतिकशास्त्रज्ञ डोना स्ट्रिकलंड यांच्यावरील लेखाचा मसुदा मे २०१८ मध्ये पुरेशा आधारांअभावी नाकारला गेला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांना नोबेल पारितोषिक जाहीर झाले. ज्यांच्याविषयी कोणी लिहिलेच नाही, ते कोशाच्या लेखी अस्तित्वातच नसतात. कागदावर न आलेल्या मौखिक ज्ञानाचीही हीच गत होते. मुलाखतींचे ध्वनिमुद्रण आधार म्हणून वापरण्याचा प्रयोग भारतात आणि दक्षिण आफ्रिकेत २०११ साली झाला, तो याच जाणिवेतून.

मराठी विकिपीडिया २००३ पासून चालू आहे. आपल्या गावची जत्रा, जात्यावरच्या ओव्या, बंद पडलेल्या गिरणीतील कामगारांच्या आठवणी यांना तेथे स्थान हवे असेल, तर केवळ नियमांवर रोष धरून भागणार नाही. शाळेच्या वार्षिकात, स्थानिक नियतकालिकात, ग्रंथालयाच्या स्मरणिकेत त्यांची काळजीपूर्वक नोंद आधी व्हावयास हवी. अशा प्रत्येक नोंदीस कोश मान देईलच असे नाही. परंतु उद्याच्या संशोधकाच्या हाती आरंभाचा धागा तरी राहील. विद्यार्थ्यांनीही कोशातील वाक्य उतरून न थांबता त्याखालील आधारापर्यंत जावे. आधार मागणाऱ्याने आधार निर्माण करण्याचीही जबाबदारी घेतली पाहिजे. अन्यथा ज्यांची नोंद आधीच झालेली आहे, त्यांचीच पुन्हा पुन्हा होत राहील.